स्क्रीनवरचा फोटो कागदावर तसाच का उतरत नाही?

छात्रमित्रांनो, संचलनाचा फोटो मोबाइलवर कसा दिसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बेल्टचे बक्कल चमकते, ऑलिव्ह ग्रीन गणवेश उठून दिसतो, पीक कॅपच्या सावलीतही डोळे दिसतात. तोच फोटो घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढला की चेहरा काळवंडतो, गणवेश मातकट होतो आणि कॅपखाली डोळ्यांच्या जागी नुसती सावली उरते. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते प्रिंटर बिघडला, कोणी म्हणते शाई नकली आहे, कोणी फोटो उजळ करून पुन्हा प्रिंट काढते. दुसरी प्रिंट गुलाबी येते, तिसरी फिकी. चार-पाच महागडे कागद आणि बरीच शाई संपते आणि शेवटी फोटो मोबाइलमध्येच राहतो.

हे नुकसान केवळ शाईचे नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे शाळेपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. वर्षातून दोनदा घरी जाणारा मुलगा एरवी भिंतीवरच्या फोटोतच भेटतो. आजीच्या हातात द्यायचा, पुढची वीस वर्षे घरात राहणारा फोटो कागदावरचाच असतो. त्यात चेहऱ्याचा आणि गणवेशाचा रंग खरा असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

प्रिंट स्क्रीनशी तंतोतंत कधीच जुळत नाही, त्याची कारणे पुढे येतीलच. पण ती इतकी जवळ आणता येते की शेजारी धरल्यावर डोळ्याला खटकू नये. त्यासाठी महाग उपकरणांपेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. रेंजवर तुम्ही हाच क्रम शिकता. एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या विखुरल्या, तर आपण साइटला हात लावत नाही. आधी पोझिशन, पकड, श्वास आणि ट्रिगर तपासतो. गोळ्या एकत्र पण डावीकडे लागल्या, तरच साइट दुरुस्त करतो. आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग. फोटोच्या प्रिंटमध्येही आधी यंत्रणा स्थिर करायची आणि मगच दुरुस्ती करायची. बहुतेक लोक थेट दुरुस्तीला लागतात, म्हणून प्रत्येक प्रिंट वेगळी येते.

प्रकाश आणि शाई

स्क्रीन स्वतः प्रकाश देते. तिच्यातल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा रंग दिसतो, तिन्ही विझले की काळा. कागद मात्र स्वतः प्रकाशत नाही. खोलीतला उजेड त्यावर पडतो, शाई त्यातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा शाई हिरवा शोषते आणि पिवळी शाई निळा शोषते. म्हणजे स्क्रीनवर रंग मिळवत न्यायचे असतात आणि कागदावर प्रकाश वजा करत न्यायचा असतो.

यातून दोन परिणाम होतात. पहिला, उजेडाचा. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजळ केली तर तिची पांढरी बाजू सुमारे 250 ते 300 निट इतकी तेजस्वी असते. निट हे पृष्ठभागाच्या तेजाचे एकक आहे. खोलीतला उजेड लक्समध्ये मोजतात. लक्सच्या आकड्याला साधारण साडेतीनने भागले की पांढऱ्या कागदाचे तेज निटमध्ये मिळते. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात टेबलावर 150 लक्स असतील, तर कागदाचे तेज सुमारे 43 निट. म्हणजे त्या खोलीत स्क्रीन कागदापेक्षा सहा-सात पट उजळ आहे. प्रिंट काळवंडलेली दिसते याचे सर्वांत मोठे कारण हेच. प्रिंटरचा यात काहीही दोष नाही.

दुसरा परिणाम उजेड-अंधाराच्या अंतराचा. चांगल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरा रंग काळ्याच्या हजारपट तेजस्वी असतो. चांगल्या ग्लॉसी फोटो कागदावर हे अंतर साधारण 200 पट, मॅट कागदावर 40 पटीच्या आसपास आणि साध्या झेरॉक्सच्या कागदावर त्याहूनही कमी. एवढ्या कमी जागेत सगळ्या छटा बसवायच्या म्हटल्यावर गडद भागातल्या छटा एकमेकींत मिसळतात. काळी बेरे आणि काळे केस एक होतात, बुटांच्या घड्या दिसेनाशा होतात, पीक कॅपखालचे डोळे हरवतात.

रंगांच्या बाबतीतही दोघांचा आवाका वेगळा आहे. झगझगीत निळा आणि झगझगीत हिरवा स्क्रीन सहज दाखवते; चार शायांच्या प्रिंटरला ते जमत नाहीत. विशेषतः गडद तेजस्वी निळा कागदावर जांभळ्याकडे झुकतो. एनसीसीच्या ध्वजात लाल, गडद निळा आणि फिका निळा हे तीन रंग तीन सेनादलांचे आहेत. प्रिंटमध्ये गडद निळा जांभळट आला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. ऑलिव्ह ग्रीन आणि खाकी मात्र मवाळ रंग आहेत. ते प्रिंटरच्या आवाक्यात सहज बसतात. त्यामुळे गणवेशाचा रंग चुकला तर ती कागदाची किंवा शाईची मर्यादा समजू नका. कुठेतरी सेटिंग चुकले आहे आणि ते दुरुस्त होऊ शकते.

पहिले काम : हत्यार साफ आहे का?

दोन महिन्यांच्या सुट्टीत बंद राहिलेल्या प्रिंटरच्या नोझलमध्ये शाई सुकते. एका रंगाची काही नोझल्स बंद असतील तर सगळा फोटो विरुद्ध रंगाकडे झुकतो. मॅजेंटा कमी पडली की चेहरा हिरवट होतो. अशा वेळी संगणकावर रंग बदलत बसणे व्यर्थ आहे.

म्हणून फोटोला हात लावण्याआधी प्रिंटरच्या मेंटेनन्स विभागातून नोझल चेकची प्रिंट साध्या कागदावर काढा. रेषा कुठे तुटल्या असतील तर हेड क्लीनिंग एकदा किंवा फार तर दोनदा करा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई खर्च होते, म्हणून सलग पाच-सहा वेळा करू नका. दोनदा करूनही रेषा तुटत असतील तर प्रिंटर काही तास तसाच ठेवा. सुकलेली शाई मऊ होते. मग पुन्हा तपासा. रेषा अखंड आल्या की पुढे जा. आठवड्यातून एकदा एक छोटे रंगीत पान काढत राहिलात तर हा त्रास सहसा होत नाही. पालकांनी हे काम घरातल्या धाकट्यावर सोपवायला हरकत नाही.

पावसाळ्यात फोटो कागदही ओल धरतो. पाकीट उघडल्यावर उरलेले कागद मूळ पिशवीत घट्ट बंद करून सपाट ठेवा.

दुसरे काम : स्क्रीन ताळ्यावर आणणे

ज्या स्क्रीनवर पाहून तुम्ही निर्णय घेणार, तीच खोटे सांगत असेल तर पुढचे सगळे चुकणार. म्हणून आधी तिच्या सगळ्या सजावटी बंद करा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड, उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारा ब्राइटनेस, खोलीच्या प्रकाशाप्रमाणे पांढरा रंग बदलणारी सोय, रंग भडक दाखवणारा व्हिव्हिड मोड, हे सगळे बंद. स्क्रीनमध्ये एसआरजीबी नावाचा मोड असेल तर तो निवडा. रंगाचे तापमान केल्विनमध्ये विचारले तर 6500 ठेवा. स्क्रीन सुरू करून अर्धा तास होऊ द्या.

मग ब्राइटनेस. प्रिंटशी जुळवण्यासाठी स्क्रीन 80 ते 120 निटच्या दरम्यान ठेवतात. मोजायचे यंत्र घरी नसते, पण एक सोपी परीक्षा आहे. टेबलावर चांगला उजेड येईल असे पाहा. स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडा. ज्या कागदावर प्रिंट काढणार तोच कोरा कागद स्क्रीनशेजारी असा धरा की खोलीचा उजेड त्यावर नीट पडेल. आता स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करत आणा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसू लागले की थांबा. पहिल्यांदा करणाऱ्याला आश्चर्य वाटते, कारण ब्राइटनेस निम्म्यापेक्षाही खाली येतो आणि स्क्रीन मंद वाटू लागते. पाच-दहा मिनिटांत डोळे सरावतात. ती जागा वहीत लिहून ठेवा आणि फोटोचे काम नेहमी तिथेच करा.

एवढे झाल्यावर मूळ फोटो पुन्हा पाहा. बऱ्याचदा तो स्क्रीनवरच गडद दिसतो! प्रिंटरने जे छापले होते ते आता तुम्हाला दिसते आहे. खात्रीसाठी हिस्टोग्राम पाहा. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती ठिपके कुठे आहेत याचा तो आलेख असतो आणि स्क्रीनच्या ब्राइटनेसचा त्यावर परिणाम होत नाही. आलेखाचा सगळा ढीग डावीकडे लोटला असेल तर फोटो खरोखरच गडद आहे.

विंडोज आणि मॅक दोन्हींमध्ये स्क्रीनचे रंग डोळ्यांनी जुळवण्याची सोय असते. ती एकदा वापरून पाहा. छंदवर्गात वारंवार प्रिंट काढायच्या असतील तर कलरीमीटर नावाचे छोटे यंत्र उपयोगी पडते. ते स्क्रीनला लावले की रंग मोजून तिची चूक किती ते नोंदवते. एकाच यंत्रावर अनेक संगणक जुळवता येतात. लॅपटॉपची स्क्रीन तिरपी पाहिली तर उजेड बदलतो, म्हणून नेहमी समोर सरळ बसून पाहा.

तिसरे काम : रंगांची भाषा एक असावी

फोटोच्या फाइलमध्ये रंग आकड्यांनी लिहिलेले असतात. पण लाल 200 म्हणजे नेमका कोणता लाल, हे ठरवायला एक सामाईक माप लागते. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये एसआरजीबी हे माप सुचवले आणि 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. घरगुती प्रिंटर, स्टुडिओ आणि बहुतेक स्क्रीन हेच माप धरून चालतात. काही नवे फोन यापेक्षा मोठ्या आवाक्याचे माप वापरतात आणि त्याची नोंद फाइलमध्ये ठेवतात. ती नोंद वाटेत गळली तर वाचणारा संगणक आकडे तेच पण माप चुकीचे धरतो आणि रंग निस्तेज दिसतात. म्हणून घरच्या प्रिंटसाठी फोटो एसआरजीबीमध्ये रूपांतरित करून, प्रोफाइलसकट जतन करणे सुरक्षित.

प्रोफाइल म्हणजे काय ते होकायंत्रावरून लवकर कळेल. नकाशावाचनात तुम्ही शिकता की प्रत्येक होकायंत्राची स्वतःची थोडी चूक असते आणि ती माहीत असली की वाचन दुरुस्त करता येते. प्रोफाइल ही तशीच नोंद आहे. अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद एकत्र आले की कोणता रंग किती सरकतो, हे त्यात लिहिलेले असते. यासाठीचे सामाईक नियम इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही 1993 मध्ये स्थापन झालेली संस्था ठरवते, म्हणून या फाइलींना आयसीसी प्रोफाइल म्हणतात. कागद बदलला, शाईची कंपनी बदलली, की ती नोंद लागू राहत नाही. एका होकायंत्राची चूक दुसऱ्याला लावावी तसे ते होते.

पालकांसाठी एक सूचना. शाळेतून मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात तेव्हा ते आकाराने लहान केलेले असतात. 4 बाय 6 इंचाच्या चांगल्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके या हिशेबाने 1200 बाय 1800 ठिपके लागतात. ए4 आकाराला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. मोठी प्रिंट काढायची असेल तर पाठवणाऱ्याला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

चौथे काम : कागद आणि प्रिंटरची सेटिंग

घरच्या प्रिंटमधल्या निम्म्या तक्रारी एका चौकटीत मिटतात. प्रिंटच्या खिडकीत कागदाचा प्रकार विचारलेला असतो आणि तिथे प्लेन पेपर तसेच राहून जाते. ही केवळ नावाची निवड नाही. कागदाचा प्रकार पाहूनच प्रिंटर किती शाई सोडायची, कोणती काळी वापरायची आणि रंग कसे मिसळायचे ते ठरवतो. चार शायांच्या अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते. ती साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी केलेली असते आणि ग्लॉसी कागदावर बसत नाही. फोटो कागद निवडला की प्रिंटर ती बाजूला ठेवून तीन रंगांतून काळा तयार करतो. ग्लॉसी कागद घालून प्लेन पेपर निवडले तर शाई वर तरंगते, बोटाला लागते आणि रंगही चुकतात. म्हणून प्रत्यक्ष कागद आणि निवडलेला प्रकार एकच हवा. कागद कोणत्या बाजूने घालायचा तेही पाहा. फोटो कागदाची एकच बाजू लेप दिलेली असते. क्वालिटी हाय ठेवा.

दुसरी खबरदारी : रंगांची दुरुस्ती एकानेच करावी. प्लाटूनला दोघांनी एकाच वेळी हुकूम दिला तर काय होते ते सांगायला नको. फोटोशॉपसारखा प्रोग्रॅम प्रोफाइल वापरून रंग दुरुस्त करतो आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही आपल्या परीने दुरुस्त करतो. दोघांनी केले की दुरुस्तीवर दुरुस्ती होते आणि चेहरे बहुधा गुलाबी किंवा मॅजेंटा होतात. दोन रस्ते आहेत. कागदाचे प्रोफाइल तुमच्याकडे असेल तर प्रोग्रॅमला रंग सांभाळू द्या आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. प्रोफाइल नसेल तर फाइल एसआरजीबीमध्ये ठेवून सगळे ड्रायव्हरवर सोडा. प्रिंटरच्या कंपनीचाच कागद आणि तिचीच शाई असेल तर दुसरा रस्ता घरच्या कामाला पुरेसा होतो. ड्रायव्हरमधले फोटो एन्हान्स किंवा व्हिव्हिड यांसारखे पर्याय मात्र दोन्ही वेळा बंद असावेत. ते प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेने बदलतात आणि आपले ग्रुपिंग विस्कटतात.

ज्यांच्याकडे प्रोफाइल आहे त्यांनी प्रिंटआधी सॉफ्ट प्रूफ पाहावा. गिम्प या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही ही सोय आहे. कागदावर फोटो कसा उतरेल याची नक्कल तो स्क्रीनवर दाखवतो. निळा रंग कुठे मंदावेल, सावल्या कुठे बुजतील, हे एक थेंबही शाई न खर्चता कळते.

पाचवे काम : चाचणी प्रिंट

आता पहिली गोळी झाडायची. पूर्ण ए4 वर नको. 4 बाय 6 चा एक कागद पुरेसा आहे. त्यावर फोटोतला फक्त चेहरा आणि गणवेशाचा खांद्याजवळचा भाग घ्या. शेजारी करड्या रंगाची एक पट्टी करा, जिच्यातल्या चौकोनांची मूल्ये 0, 10, 20, 30, 40 अशी असतील. फोटोला काहीही दुरुस्ती न करता प्रिंट काढा.

प्रिंट हातात येताच निकाल देऊ नका. शाई सुकताना रंग थोडे बसतात. निदान अर्धा तास थांबा. शक्य असेल तर अंतिम निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. मग ती दिवसा खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे, अशी पाहा. एखादा रंग ट्यूबलाइटखाली एक आणि दिवसाच्या उजेडात दुसराच दिसू शकतो. छपाईच्या व्यवसायात प्रिंट पारखण्यासाठी 5000 केल्विनचा ठरावीक प्रकाश वापरतात. आपल्याला तेवढे नको, पण प्रत्येक वेळी जागा आणि वेळ एकच ठेवा. घरात फोटो जिथे लावायचा आहे तिथला दिवा पिवळसर असेल तर शेवटी तिथेही एकदा धरून पाहा.

आता पट्टी वाचा. 0, 10 आणि 20 हे चौकोन एकच काळे दिसत असतील, तर त्या मूल्यांच्या खालचे सगळे तुमच्या कागदावर बुजणार आहे. पीक कॅपखालचे डोळे त्यात येत असतील तर सगळा फोटो उजळ करू नका; त्याने आकाश आणि पांढरे हातमोजे फिके पडतील. फक्त शॅडोज थोड्या उचला, म्हणजे डोळे 30-40 च्या वर येतील आणि बाकीचा फोटो जागेवर राहील. भर दुपारच्या संचलनाच्या फोटोंना ही एक दुरुस्ती जवळजवळ नेहमीच लागते.

रंग झुकला असेल तर जोड्या लक्षात ठेवा : लाल आणि सायन, हिरवा आणि मॅजेंटा, निळा आणि पिवळा. प्रिंट हिरवट वाटली तर मॅजेंटा थोडी वाढवा. निळसर वाटली तर पिवळा वाढवा. एका वेळी एकच बदल आणि तोही थोडा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. सोपा उपाय म्हणजे एकाच कागदावर चेहऱ्याच्या तीन पट्ट्या शेजारी छापणे : एक मूळ, एक थोडी उजळ, एक आणखी उजळ. एका कागदात तीन उत्तरे मिळतात.

हे सगळे वहीत लिहा : तारीख, कागद, शाई, सेटिंग, स्क्रीनचा ब्राइटनेस, केलेला बदल. रेंजवर स्कोअर लिहितो तसेच. तिसऱ्या-चौथ्या फोटोपासून चाचणीची गरजच कमी होत जाते, कारण तुमच्या प्रिंटरचा स्वभाव तुम्हाला कळलेला असतो.

दोष ओळखण्याची खूण

प्रिंट एकसारखी काळवंडली, पण रंग बरोबर आहेत : स्क्रीन फार उजळ आहे.

चेहरे गुलाबी किंवा मॅजेंटा : रंगांची दुरुस्ती दोनदा झाली आहे.

बारीक आडव्या रेषा, किंवा सगळा फोटो एकाच रंगाकडे झुकलेला : नोझल तपासा.

शाई ओली राहते, डाग पडतात : कागदाचा प्रकार चुकीचा निवडला किंवा कागद उलटा घातला.

सगळे रंग निस्तेज : साधा कागद वापरला किंवा फाइलचे प्रोफाइल गळले.

फक्त निळा जांभळट, बाकी ठीक : प्रिंटरच्या आवाक्याची मर्यादा. निळ्याचा भडकपणा थोडा कमी करून पाहा.

काल बरोबर, आज चूक : शाई बदलली, कागदाचे पाकीट बदलले की पाहण्याचा उजेड बदलला, ते आधी आठवा.

रंग खरा ठेवण्याविषयी

एवढ्या खटपटीनंतर एक मोह उरतो. स्क्रीनवर हात बसला की चेहरा गोरा करणे, गणवेश अधिक हिरवा करणे, आकाश अधिक निळे करणे सोपे असते. अनेक फोन तर न विचारताच त्वचा उजळ आणि गुळगुळीत करतात. फोटो काढतानाच ती सोय बंद करा. उन्हात दोन तास सराव केलेल्या मुलाचा चेहरा रापलेला असतो आणि तो तसाच दिसला पाहिजे. छातीवरच्या रिबनचे रंगही मनाने ठरवलेले नसतात. प्रत्येक पट्ट्याला अर्थ असतो आणि रंग बदलला तर अर्थ बदलतो. प्रिंट जुळवताना आपण स्क्रीनला प्रमाण मानतो, पण स्क्रीनही अखेर साक्षीदारच आहे. शंका आली तर गणवेशाची बाही किंवा बेरे प्रिंटशेजारी धरा आणि दोन्ही एकाच उजेडात पाहा. खरे प्रमाण ते आहे.

आपल्या खर्चाचाही हिशेब असावा. वर्षाला चार-पाच फोटोच छापायचे असतील तर जवळच्या स्टुडिओत एसआरजीबी फाइल नेऊन देणे स्वस्त आणि निर्धास्त. तिथेही आधी एक छोटी प्रिंट काढून पाहा आणि फोटो आपोआप सुधारू नका, असे स्पष्ट सांगा. घरचा प्रिंटर फायद्याचा ठरतो तो नियमित वापरणाऱ्यांना, शिकण्याची आवड असणाऱ्यांना आणि हाऊसच्या सूचनाफलकासाठी दर आठवड्याला फोटो लावणाऱ्या छात्रांना.

तयार प्रिंट टिकवण्याचेही पाहा. घरगुती प्रिंटरांतल्या रंगीत शाया बहुतेक वेळा डाय प्रकारच्या असतात आणि ऊन, ओल आणि हवेने त्या उडतात. प्रिंट पूर्ण सुकल्यावर काचेच्या चौकटीत बसवा, कागद काचेला चिकटणार नाही इतकी फट ठेवा आणि ऊन येणाऱ्या खिडकीसमोर लावू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि प्रसंग लिहा. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी रंग उडाला तरी नवी प्रिंट काढता येईल.

सगळे एकाच दिवशी करण्याची गरज नाही. येत्या रविवारी फक्त दोन गोष्टी करा : नोझल चेकची एक प्रिंट काढा आणि कोरा कागद शेजारी धरून स्क्रीनचा ब्राइटनेस ठरवा. शाई अगदी नाममात्र लागेल, फोटो कागद एकही लागणार नाही आणि गडद प्रिंटची तक्रार बहुतेक घरांत तिथेच मिटेल.